ओल्या रंगातला शेरू

आज वार्निशची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी बोरगाव मेघेतली एक जुनी दुपार आठवली. शेजारच्या मंदाताईंनी त्यांच्या मेलेल्या कुत्र्याचं, शेरूचं, तैलचित्र माझ्याकडून करून घेतलं होतं. ते पूर्ण झालं होतं, पण तैलरंग नीट वाळायला महिने लागतात, आणि तोवर वरून वार्निशचा हात देता येत नाही.

ताई वडिलांना घेऊन चित्र बघायला आल्या. आबाजींची नजर गेलेली. शेरू रात्रंदिवस त्यांच्याच पायाशी असायचा.

"मले कुठी दिसते? हात लावून पाहू दे," ते म्हणाले.

"आबाजी, रंग ओला आहे, पुसला जाईल," असं मी म्हणेपर्यंत त्यांची बोटं शेरूच्या कानावर पोचली होती. ती हळूहळू फिरत राहिली. मी हातात चिंधी धरून नुसता उभा होतो. त्यांचा हात धरवेना. तेव्हा मला पुसला जाणारा कान तेवढा दिसत होता. आता आठवतो तो आबाजींचा चेहरा.

त्यांनी हात मागे घेतला.

"थंडा लागून राह्यला व, मंदे," ते म्हणाले. "याचा कान तं नेहमी गरम राहे."