चौथ्या पिस्टनचं लॉक

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. डॉक्टरांनी मात्र उभा जन्म लोकांचे दात कोरून घर चालवलं, आणि तेही असं, की माणूस खुर्चीतून उठताना विचारायचा, "इंजेक्शन दिलंत कधी?" हात इतका हलका, की गल्लीतल्या आयांनी पोरांना दाताच्या डॉक्टरची भीती घालणं सोडून दिलं होतं. जीभ मात्र तिखट. "दात घासता की नुसते दाखवता?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न, मग समोर शाळकरी पोर असो नाहीतर न्यायाधीश.

दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत होता. मागे स्वयंपाकघर आणि मधे जेवायची खोली. दवाखान्यात डॉक्टरांच्या डाव्या हाताला उभी राहून लाळ ओढायची नळी धरणारी, कापसाचे बोळे पुढे करणारी, फोन घेणारी त्यांची बायको. तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत.

जेवायच्या खोलीत टेबलावर इंजिन होतं. जेवण मांडीवर.

इंजिन एका जुन्या स्पोर्ट्स कारचं. दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, कधीकाळी लाल असलेली ती गाडी डॉक्टरांनी भंगारवाल्याच्या आवारातून आणली होती. ती दारात उतरली तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं होतं, "आणि भाजीची पिशवी कुठे ठेवायची?" गाडीचा सांगाडा गॅरेजमध्ये गेला आणि इंजिन घरात आलं, ते राहिलंच. चमच्यांच्या खणात व्हॉल्व्ह, लोणच्याच्या बरणीत नटबोल्ट, आणि डॉक्टरांच्या गळ्यात पेशंटला बांधायचा निळा कागद. बाईंची बहीण एकदा येऊन बघून गेली आणि म्हणाली, "सवत आणलीये गं तुझ्या नवऱ्याने. तीही टेबलावर बसणारी." बाई हसल्या होत्या. खरं तर त्यांनाही ती सवत आवडायला लागली होती. काजळी धरलेले भाग जुन्या टूथब्रशने घासायचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं होतं. घासून घासून धातूचा मूळ रंग वर आला की त्यांना फार बरं वाटे.

हसणं थांबलं ते पोस्टमनच्या ओठापासून.

साधी दाढ भरायची होती. बाई नळी धरून उभ्या होत्या. सुई आत जाताना छोट्या आरशावर आपटली. टिक, टिक, टिक. बाईंनी वर पाहिलं, तर डॉक्टरांचा उजवा हात थरथरत होता. त्याआधी चहाच्या कपाची बशीवर होणारी किणकिण त्यांनी ऐकली होती, पण कप म्हणजे काही कुणाचं तोंड नव्हे. मग ड्रिल निसटलं आणि पोस्टमनचा ओठ फाटला. रक्त फार नव्हतं. पण डॉक्टर ओरडले, "हलू नका म्हटलं होतं ना!" पोस्टमन बिचारा ओठ दाबून माफी मागत राहिला. तो हलला नव्हता. डॉक्टरांनी आजवर कितीही शिव्या घातल्या असतील, आपली चूक पेशंटच्या गळ्यात कधी मारली नव्हती.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची? घरात दोघंच, तेव्हा प्रश्नच नव्हता. बाईंनी विषय काढला. डॉक्टर आधी हसले, मग चिडले, मग मुकाट्याने जेवले, आणि मांडीवरचं ताट खाली ठेवून इंजिनाकडे बोट करत म्हणाले, "हात थरथरत असते तर हे जमलं असतं का? तीन पिस्टन बसवलेत. चौथाही माझ्याच हातांनी बसवतो. बसला तर तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस."

"आणि नाही बसला तर?"

"तर खुर्चीवर चादर घालतो. कायमची."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली गत. डॉक्टरांनी निदानासाठी डॉक्टर गाठायचा सोडून इंजिन गाठलं होतं. पण पैज लागली ती लागली, आणि ती लागली रविवारी. सोमवारी सकाळी बेकरीवाल्याची मुलगी यायची होती. तिची अक्कलदाढ जबड्यात आडवी होती आणि मुळं थेट नसेला खेटून. एक्स-रे बाईंनीच काढला होता. तिथे हात केसभर हलला, तर मुलीचा अर्धा ओठ जन्मभर बधिर राहिला असता. मुलगी बासरी वाजवायची.

त्याच दुपारी दोघं टेबलाशी समोरासमोर बसले. इंजिनाचं मधलं पेटारं बंद झालेलं होतं, सगळे बोल्ट आवळलेले. त्याच्या दोन्ही कुशींना मिळून चार गोल तोंडं; तीन तोंडांवर पिस्टन बसलेले, आणि चौथ्यातून नुसता दांडा बाहेर डोकावत होता. दांड्यावर पिस्टन ठेवायचा, दोघांतून आडवी पिन सारायची, आणि ती पिन बाहेर सरकू नये म्हणून पिस्टनच्या खाचेत तारेची एक चिमुकली कडी बसवायची. मेकॅनिक तिला लॉक म्हणतात. नखाएवढीच, पण ताठ स्प्रिंगची. ती दाबून धरावी लागते, आणि सुटली तर कुठे उडेल याचा नेम नाही. म्हणून कडी बसवण्याआधी त्या उघड्या तोंडात बोळा कोंबायचा, हा पहिला नियम; आणि मग पिस्टनवर सिलेंडरचं नळकांडं चढवण्याआधी तो काढायचा, हा दुसरा. कडी आत पडली तर पेटारं पुन्हा फोडून सगळं इंजिन सुटं करावं लागतं. आणि तशीच आत ठेवून इंजिन चालू केलं, तर ती सगळ्याचा चुराडा करते. हे सगळं डॉक्टरांनी बाईंना इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्यांना ते झोपेतही म्हणता आलं असतं.

बाईंनी दोन्ही हातांनी पिस्टन धरला. पिन सरकन गेली. डॉक्टरांनी पकडीत कडी धरली.

पहिल्या खेपेला कडी खाचेच्या काठावरून घसरली, पण पकडीतच राहिली. दुसऱ्या खेपेला पकडीचं टोक बोळ्यात अडकलं आणि हात थरथरला तसा अख्खा बोळा ओढून बाहेर आला. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो बाजूला टाकला.

"राहू दे. एकच तर कडी आहे."

बोळा परत घाला, एवढे तीन शब्द बाईंच्या जिभेच्या टोकावर आले आणि तिथेच थांबले. का थांबले, हे त्यांना चांगलं कळत होतं. आतल्या आत त्या म्हणत होत्या, पडू दे. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटत होती. ज्या इंजिनाचा कण न् कण आपण घासला, ज्या माणसाच्या हातांचा आपल्याला इतका गर्व, ते दोन्ही हरावेत म्हणून आपण इथे बसलोय? नखाएवढी कडी पुन्हा खाचेजवळ आली. डॉक्टरांनी श्वास रोखला. बाईंनीही.

टिंग.

कडी पकडीत नव्हती. खाचेतही नव्हती.

डॉक्टर खाली वाकून फरशी पाहू लागले, आणि तेवढ्यात बाईंची नजर आपल्या मांडीवर गेली. अॅप्रनच्या चुणीत कडी पडली होती. बाईंचा हात आपोआप तिच्यावर गेला आणि मूठ मिटली.

डॉक्टरांनी लोहचुंबक फरशीवरून फिरवला. खुर्च्या हलवल्या. मग कपाळावरचा दिवा लावला, दवाखान्यातला छोटा आरसा आणला आणि तो इंजिनाच्या तोंडात घालून आत पाहू लागले, किडकी दाढ शोधावी तसे. आरसा आतल्या धातूवर आपटत होता. टिक, टिक, टिक.

"आत गेली," ते म्हणाले.

बाईंच्या तळहाताला कडी टोचत होती. द्यावी, तर ते पुन्हा प्रयत्न करतील. दहाव्या खेपेला का होईना, बसेल. मग पैज जिंकली, तोंड बंद, आणि उद्या ती बासरीवाली पोर खुर्चीत. न द्यावी, तर हा माणूस सगळं इंजिन सुटं करेल, आत नसलेली कडी शोधत बसेल, आणि पुन्हा ते उभं करण्याचं बळ त्याच्यात उरणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लग्नापासून आजवर बाईंनी नवऱ्याशी भांडणं पुष्कळ केली होती, पण खोटं कधी बोलल्या नव्हत्या. त्यांना ते यायचंच नाही. वाढदिवसाची भेटवस्तू लपवली, तर तास-दोन तासांत आपणच सांगून टाकायच्या. आता मात्र त्यांनी मूठ आणखी घट्ट केली.

डॉक्टर बराच वेळ आरशात पाहत राहिले. मग दिवा बंद केला आणि खुर्चीत बसले. उजवा हात त्यांनी टेबलावर ठेवला. एरवी तो खिशात असायचा, नाहीतर डाव्या हाताखाली. आज तो उघडा पडला होता, आणि त्याच्याखालचा पाना ताटलीवर एकसारखा वाजत होता.

"निसटली नाही ती," ते म्हणाले. "निसटली असती तर पकड ढिली पडल्याचं कळलं असतं. हातानेच फेकली."

बाईंनी मूठ मांडीवर दाबली.

"पोस्टमनपण हलला नव्हता."

"माहितीये मला," बाई म्हणाल्या.

"तुला माहिती असणारच. नळी धरून तूच उभी होतीस." त्यांनी गळ्यातला निळा कागद सोडला आणि त्याची घडी घालायला लागले. घडी काही नीट पडेना. "आण आता."

"काय?"

"मुठीत आहे ती. पडतानाच दिसली मला."

बाई आधी ओशाळल्या. मग राग आला. "दिसली होती तर एवढा वेळ आरसा घालून काय शोधत होतात?"

"वाट बघत होतो. आत्ता देशील, मग देशील." डॉक्टर तिच्या मुठीकडे बघत म्हणाले. "साधी भेटवस्तू लपवता येत नाही तुला. तू मूठ मिटून बसलीस, माझ्यासमोर, माझं इंजिन असं उघडं पडलेलं असताना. म्हटलं, या बाईला माझ्या हातांची किती भीती वाटत असेल."

बाईंनी मूठ उघडली. तळहातावर कडीचा लाल ठसा उमटला होता. कडी घ्यायला डॉक्टरांनी हात पुढे केला नाही. त्यांनी पकड उलटी करून दांड्याची बाजू बाईंकडे केली.

"तू बसव."

"मला नाही जमायचं."

"आधी बोळा कोंब. हं. आता एक टोक खाचेत, दुसरं अंगठ्याने दाब. घाई नको. दाताशेजारी कापूस ठेवतेस ना माझ्यासाठी, तेवढ्याच हाताने."

कडी एकदा घसरली. दुसऱ्यांदा टक् असा बारीक आवाज झाला आणि ती खाचेत बसली. बाईंनी बोटाने फिरवून पाहिली. निघत नव्हती. डॉक्टरांनी आरसा घेऊन सगळ्या बाजूंनी तपासलं, मान हलवली, आणि उठून पुढच्या खोलीत गेले. फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला. एकदा चुकली, पुन्हा दाबली.

"बेकरीवाले का? मी डॉक्टर. उद्या मुलीला इकडे आणू नका. पुलापलीकडे जी दंतवैद्य आहे, तिच्याकडे न्या. हो, चांगली आहे. माझ्याच हाताखाली शिकलीये. मी बोलतो तिच्याशी." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, मी कुठे बाहेर नाही चाललो. माझा हात थरथरतो."

बाई टेबलाशी बसून ऐकत होत्या. जिंकल्याचा आनंद त्यांना शोधूनही सापडेना. मग खुर्चीवर चादर झटकून घातल्याचा आवाज आला, आणि त्यांना रडू फुटलं.

"सिलेंडर चढवायच्या आधी बोळा काढ!" पुढच्या खोलीतून डॉक्टर ओरडले. "नाहीतर विसरशील!"

बाईंनी बोळा काढला आणि हातात तोच होता म्हणून त्यानेच डोळे पुसले. डॉक्टर दारात आले, तेव्हा बाईंच्या दोन्ही गालांवर काळ्या तेलाचे पट्टे होते. डॉक्टर बघतच राहिले. मग हसले, पोस्टमनच्या प्रकारानंतर पहिल्यांदाच, आणि जवळ येऊन अंगठ्याने त्यांचा गाल पुसायला लागले. तेल निघत नव्हतं, उलट कानापर्यंत पसरत होतं. त्यांचा हात गालावर थरथरत होता, आणि बाईंनी तो तसाच थरथरू दिला.