हिराबाईंच्या नावावर लिहिलेला राब

हे मी घरातही कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतोय, आणि सांगतानाही तुम्ही हे कुणाकुणाकडे न्याल, असं मनात येतंच आहे — स्वभावच संशयी माझा.

पनवेलच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आसपासच्या गावांतले शेतीचे शब्द गोळा करत होतो. त्यात 'राब' होता. भाताची रोपं करायची त्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून उन्हाळ्यात जाळतात, तो राब. अर्थ सोपा. पण शब्द आला कुठून? हिराबाईंना विचारलं. पन्नास वर्षं राब भाजलेली बाई. म्हणाल्या, "मना नाय ठावं."

मला ते पटेना. ठाऊक नाही, की मला सांगायचं नाही? कुणा प्राध्यापकासाठी राखून ठेवलंय? तीनदा गेलो. तिन्ही वेळा तेच उत्तर, वर चहा. मला त्या चहाचासुद्धा संशय आला.

मग मी — कसं सांगू — मीच लिहिलं. पूर्वी अग्नीला द्यायच्या पहिल्या नैवेद्याला राब म्हणत. खाली टाकलं : माहिती, हिराबाई.

या शब्दांच्या पुस्तिकेच्या प्रकाशनाला त्यांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. हे वाचलं गेलं तशा त्या उठल्या. "मी असा सांगलाच नाय. देवाला कोन शेन दावतं?" सगळे हसले — मला हसले. माइक माझ्या हातात होता. म्हणालो, "आजींचं वय झालंय, विसरतात." तोवर मी त्यांना कधी आजी म्हटलं नव्हतं. मग लोक त्यांना हसले. त्या माझ्याकडे बघत खाली बसल्या.

खरंच विसरल्या असतील, अशी मी मनाची समजूत घालून पाहिली. पण घालणार कशी? त्यांचं 'नाय ठावं' माझ्या मोबाइलमध्ये तीनदा रेकॉर्ड आहे.

पुढच्या वैशाखात त्यांचा मुलगा कळंबोलीत समोरून आला. हा जाब विचारणार, म्हणून मी रस्ता ओलांडायला निघालो. त्याने गाठून माझा हात धरला.

"बरा झाला सर, तुमी बोललात. आमच्या ध्यानातच नव्हता आला. आता राब आमीच भाजतो. तिच्या हातात आगपेटी देत नाय. रडते. म्हणते, मी काय विसरत नाय."

तो माझं ऐकणारा होता. एक खरं वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "बरं केलंत. जपा त्यांना."