काकांच्या गाठीतले दोन ब्रेक

काका ताम्हिणी घाटातून टेम्पो चालवायचे. मला कॉलेजात त्यांनीच घातलं होतं. त्यामुळे त्यांच्या मेंदूतल्या गाठीचा रिपोर्ट समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. घरातला पहिला पदवीधर मी, तोही जीवशास्त्राचा.

"पेशी भलतीच वाढू लागली की तिला आवरणारं जनुक असतं," मी म्हणालो. "त्याच्या दोन प्रती असतात. एक पायातला ब्रेक, दुसरा हँडब्रेक समजा. या गाठीत दोन्ही निकामी झालेत."

"दोनी गेलं? मग गाडी कोन बघत व्हतं?" काका हसले.

काकू हसली नाही. "जनुक आईबापाकडनंच येतं न्हवं?"

"हो," मी ऐटीत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या मुलीला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना नको म्हणून कळवलं. मी अर्धंच सांगितलं होतं, आणि उरलेलं मलाही नक्की ठाऊक नव्हतं. काकांच्या डॉक्टरांना विचारायला मी पुण्याची बस धरली. पिरंगुटला ती गर्दीत खोळंबली, तेवढ्यात रस्ता मोकळा झाला का बघायला मी तीनदा खाली उतरलो.

डॉक्टर म्हणाले, "बहुतेकांत हा बिघाड जन्मानंतर, फक्त त्या गाठीच्या पेशींत होतो. तुमच्या घरात आधी कुणालाच कॅन्सर झालेला नाही. मुलीची काळजी करण्याचं कारण दिसत नाही."

चपला न काढताच मी ते घरात सांगितलं.

"नक्की ना?" काकू पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

काकांनीच तिला थांबवलं. "ब्रेक माज्या गाडीचं गेल्यात, पोरीच्या न्हाई. बोलाव पाव्हण्यास्नी. ह्या रविवारीच बोलाव, लांबवू नगं."