बॉनेटमधला हिरवा खण

गाडीच्या इंजिनाचा बेल्ट तुटला तेव्हा देवीला बोल लावायचं तेवढं माझं बाकी राहिलं होतं. मग तेही केलं. मुंबई-आग्रा रस्त्यावर, वडाळीभोईच्या अलीकडे, दसऱ्यानंतरच्या रणरणत्या उन्हात. आधी पुढून काहीतरी फटकन वाजलं, मग चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि बघता बघता इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला. गाडी कशीबशी कडेला घेतली तोवर बॉनेटमधून वाफा यायला लागल्या होत्या. मागे पलंगावर यजमान पडलेले. उजवा हात छातीवर निर्जीव, तोंड जरा वाकडं, डोळे छताकडे. शेजारून कंटेनर गेला की सगळी गाडी हलायची आणि तिच्याबरोबर तेही हलायचे. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि म्हणाले, "आई, तुझ्याच दारी निघाले होते ना गं? आणखी काय काय दाखवायचं राहिलंय?"

ही गाडी म्हणजे आमचं चाकांवरचं घर. यजमान सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेची मुलं नेणारी एक जुनी व्हॅन घेतली, देवळाली कॅम्पातल्या आमच्या अंगणात उभी केली, सगळ्या सीट काढून टाकल्या आणि महिनोन्‌महिने खपून आत पलंग, शेगडी, छोटंसं बेसिन, पाण्याची टाकी असं सगळं बसवलं. शेजारीपाजारी हसायचे. मीही हसायचे. पण त्याच गाडीतून आम्ही कोकण पाहिलं, हंपी पाहिली. पन्नाशी उलटल्यावर मला गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं. म्हणजे ते शेजारी बसून ओरडले आणि मी शिकले. देवाधर्माचं मात्र त्यांना वावडं. खंडेनवमीला मी त्यांच्या पान्यांना हळदकुंकू लावायचे, दुसऱ्या दिवशी ते फडकं घेऊन पुसून टाकायचे. गाडीला लिंबू-मिरची बांधली तर पहिल्याच चौकात काढून फेकायचे. बॉनेटला तर कुणाला हातही लावू देत नसत. "इंजिनाला तेल लागतं, फुलं लागत नाहीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांची श्रद्धा म्हणाल तर ती तांब्याच्या तारेवर होती. गाडीतल्या पडद्यापासून माझ्या तुळशीच्या काठीपर्यंत सगळं ते तारेनंच बांधायचे, आणि पीळ दिल्यावर टोक आतल्या बाजूला दुमडून ठेवायचे, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. काम झालं की दोन्ही हात पँटला पुसायचे. त्या डागांवरून आमची भांडणं व्हायची.

खरं भांडण वेगळंच होतं. या प्रवासाच्या दोन वर्षं आधी, ऐन नवरात्रात, माझं पोटाचं ऑपरेशन झालं. गाठ कसली आहे ते काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणजे मनात काय काय आलं असेल ते बाईमाणसाला सांगायला नको. मला आत नेलं तेव्हा भाऊ होता, वहिनी होती, यजमान नव्हते. शुद्धीवर आले तेव्हाही नव्हते. संध्याकाळी उगवले, हाताला ग्रीस, आणि विचारलं तर म्हणाले, "गाडीचा बेल्ट आणायला गेलो होतो." बायको टेबलावर आणि या माणसाला बेल्ट सुचतो! पुढे गाठ साधी निघाली, मी धडधाकट घरी आले, पण तो बेल्ट माझ्या मनातून काही निघाला नाही. कधीतरी नीट बसून विचारू, असं म्हणता म्हणता त्याच थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळं कळतं, पण तोंडून शब्द फुटत नाही. आता विचारायचं कुणाला?

म्हणून चांदवडच्या रेणुकामातेकडे निघाले होते. ती आमची कुलदेवता. ऑपरेशनच्या वर्षी तिच्या ओटीसाठी मी हिरवा खण आणून ठेवला होता. जाणं झालंच नाही आणि तो खणही कपाटातून नाहीसा झाला. वहिनीनेच आवराआवरीत कुठे घातला असेल, असं मी धरून चालले. यंदा मात्र मी नाशिकच्या सराफाकडून चांदीची छोटी जीभ घडवून घेतली होती. वाचेचा नवस फेडताना देवीला अशी जीभ वाहतात. फेडताना! इथे नवस अजून बोललेही नव्हते. आमच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, असं उलटं करत नाहीत. मी म्हटलं, मला घाई आहे. देवीला आगाऊ रक्कम देऊन काम करून घ्यावं, इतपत मी खाली आले होते. यांनी पुन्हा पहिल्यासारखं बोलावं असं मागणं नव्हतंच माझं. त्या दिवशी माझ्यापाशी का नव्हते, एवढं एकच त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

गाडीत बसवेना इतकं तापलं तेव्हा रस्त्यापलीकडच्या कांदे साठवायच्या चाळीतून एक बाई डोक्याचा पदर सावरत आली. आत डोकावली, यजमानांकडे पाहिलं आणि मला काही न विचारता मागे वळून हाक मारली, "ओ, खाट आणा इकडं!" तिच्या नवऱ्याने खाट आणली. तिघांनी मिळून यजमानांना उचललं आणि चाळीच्या सावलीत ठेवलं. अंगाखालचं सगळं ओलं झालं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लाजता काय ताई," ती म्हणाली, "माझा सासरा चार वरीस असाच व्हता. तुम्ही त्या अंगानं धरा, मी या अंगानं." तिने पाणी आणलं, आम्ही त्यांना पुसलं, कोरडी पँट चढवली. सडक्या कांद्याचा वास नुसता भरून राहिला होता. तिच्या नवऱ्याने फोन करून मिस्त्रीला बोलावलं आणि दोघं पुन्हा कांदे निवडायला बसले. मीही बसले. नासका कांदा बाजूला टाकताना मला वाटत होतं, हेच आपलं आता.

मिस्त्री मोटारसायकलवर आला. बॉनेट उघडून बराच वेळ आत हात घालून होता. मग म्हणाला, "बेल्टमधी कापड गेलंय मावशी. नुसता बेल्ट टाकून भागायचं नाय, पुलीचं बेअरिंगबी गेलं." त्याने जो खर्च सांगितला तो ऐकून मी त्याच्याशी भांडले. शेवटी देवीच्या अभिषेकाचे आणि साडीचे म्हणून बाजूला ठेवलेले पैसे होते, ते त्याच्या हातावर ठेवले. तो सामान आणायला पिंपळगावला गेला. जाताना एक जळकी चिंधी माझ्यापुढे टाकून गेला. "हे बगा, हे गुंतलं व्हतं. गाडी उभी राहिली की उंदीर कुरतडत्यात. पार आतल्या पत्र्याला कुणी बांधलं व्हतं कुणास ठाऊक."

चिंधी ग्रीसने काळी झाली होती. एक बाजू जळाली होती, एक उंदराने खाल्ली होती. पण मधे अंगठ्याएवढा भाग हिरवा राहिला होता आणि त्याला काठ होता. तो काठ मी ओळखला. माझा हरवलेला खण. दुसऱ्या टोकाला तांब्याची तार होती, पीळ दिलेली, टोक आत दुमडलेलं. मी उठून खाटेपाशी गेले आणि ती चिंधी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "अहो, हे तुम्ही बांधलंत?" त्यांनी पाहिलं. मग चोरी पकडली गेली की जसं करायचे तसंच केलं. मान फिरवून कांद्यांकडे बघत राहिले. मी पुन्हा पुन्हा विचारलं. ओरडले सुद्धा. आजारी माणसावर ओरडणारी बाई पाहून त्या चाळीतल्या बाईला काय वाटलं असेल! पण मला काही सुधरत नव्हतं. बॉनेटला बोट लावू न देणाऱ्या माणसाने माझ्या ओटीचा खण नेऊन इंजिनात बांधला होता. का, ते सांगायला तोंड नव्हतं, आणि मला तर ते तोंडच हवं होतं.

उन्हं उतरायला लागली तेव्हा गाडी सुरू झाली. परत घरी फिरावं असं मनात होतं, हातात पैसेही उरले नव्हते. पण त्या बाईने यजमानांना गाडीत चढवताना माझ्या हातात दोन भाकरी बांधून दिल्या आणि म्हणाली, "एवढ्या लांब आल्या तं जाऊन या. आई काय पैशे मोजून घेती व्हय?" मी गाडी चांदवडकडे घेतली.

देवळाखाली गाडी सावलीत लावली, यजमानांच्या पाठीला उशा देऊन त्यांना खिडकीशी बसवलं. नवरात्राची गर्दी ओसरली होती. पायऱ्यांच्या सुरुवातीला ओटीचं सामान विकणारी एक म्हातारी बसली होती, वर मोठी फिकट छत्री. पर्समधल्या सुट्ट्या पैशांत नारळ आणि तांदूळ तेवढे घ्यावेत म्हणून वाकले आणि वर पाहिलं, तर छत्रीची मोडकी काडी दांड्याला तांब्याच्या तारेने बांधलेली. पीळ दिलेली, टोक आत दुमडलेलं.

मी तिच्याच पाटावर बसले आणि विचारलं, ही छत्री कुणी बांधून दिली.

"ती व्हय? झाले की दोन वरीस," ती म्हणाली. "एक जण आला व्हता, एकलाच. हातात हिरवा खण. नुसता हुभा. म्हणला, बायकोला आपरेशनला घातलीय, तिच्या नावानं ओटी भरायची, कशी भरत्यात मला ठाव नाय. मी म्हणलं, दादा, ओटी बाईमाणसानं भरावी. मंग माझ्याच हाती दिला. मी वर जाऊन भरली, पुजाऱ्यानं खण परसाद म्हणून माघारी दिला. मंग बसला हितंच, दिसभर. पाणीबी घेईना. बसल्या बसल्या छत्री नीट करून दिली. फोन आला तवा रडला आन् गेला."

तो फोन माझ्या भावाचा. ऑपरेशन नीट पार पडलं, हे सांगणारा.

मी पाटावर बसून रडले. म्हातारीने पाठीवर हात ठेवला. मला दुःखच जास्त झालं, हे खरं सांगते. माझ्याजवळ बसायचं धैर्य नव्हतं म्हणून ज्या देवीला कधी हात जोडले नाहीत तिच्या पायरीशी जाऊन बसला हा माणूस, आणि घरी येऊन बेल्टचं नाव सांगितलं. कुणाला कळू नये म्हणून प्रसादसुद्धा बॉनेटमध्ये लपवला. त्यांना सगळ्यात जपावीशी वाटे त्या जागी. मी टोचून बोलत राहिले, ते ऐकत राहिले, आणि बोलता येत होतं तोवर त्यांनी सांगितलं नाही. आमचे ते महिने फुकट गेले. ते कुठली देवी परत देणार?

वर गेले. गाभाऱ्यासमोर उभी राहिले तेव्हा सकाळपासून मनात घोळवलेलं एकही वाक्य आठवेना. ओटीत नारळ, तांदूळ आणि ती जळकी हिरवी चिंधी ठेवली. मग चांदीची जीभ काढली. पुजाऱ्यांनी ती पाहिली आणि विचारलं, "नवस फेडायला आलात का?"

"हो," मी म्हणाले. "फेडायला आले."

खाली आले तेव्हा यजमान खिडकीतून पायऱ्यांकडेच बघत होते. मी शेजारी बसले आणि एवढंच म्हणाले, "छत्री पाहिली मी." मग त्यांनी डावा हात उचलला, सावकाश, खूप कष्टाने, आणि पँटला पुसला.

त्यानंतर ते कधी बोलले नाहीत. संक्रांतीच्या आत गेले. शेवटच्या दिवसांत मी त्यांना काही विचारत नसे; हात हातात घेऊन बसायचे, आणि ते बसणं मला पुरायचं. बेल्ट का तुटला याला मिस्त्रीने सांगितलेलं कारण आहे आणि ते खरंच आहे. उंदीर होते, कापड होतं. मी त्यावर कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की मागणं आपलं असतं, ते कुठल्या दाराने यावं हे आपण ठरवू नये. त्या चाळीतल्या बाईला दर वर्षी न चुकता साडी नेऊन देते. गाडी अजून मीच चालवते. मिस्त्री दर खेपेला बजावतो, मावशी, इंजिनात काही बांधू नका. नाही बांधत. पण बॉनेट लावलं की माझेही हात आपोआप साडीला पुसले जातात.