अक्षरांचा नवरामुलगा

माझ्या मेहुणीला तिचा नवरा पहिल्यांदा दिसला तो इंग्रजी अक्षरांत. कपाळावर डब्ल्यूंची रांग, गालांवर टक्क्याच्या खुणा आणि नाकाच्या जागी उभ्या रेघा. याचं सगळं श्रेय माझं. घरात ते मला अजून कुणी मोकळ्या मनानं देत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तेव्हा आम्ही तारनाक्याला राहत होतो. कॉम्प्युटर कंपन्या पुण्यातून पोरं पोत्यात भरून हैदराबादेत आणायच्या ते दिवस. तशाच एका पोत्यातून मी आलो आणि इथल्याच मुलीशी लग्न करून राहिलो. सासर गौलीगुड्याचं, पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेलं मराठी घर. सासरे सिकंदराबादेत रेल्वेत होते, नुकतेच निवृत्त झालेले. मी त्यांना मामा आणि सासूबाईंना मामी म्हणतो, ते मला जावईबापू म्हणतात. त्या ‘बापू’त आदर किती आणि काळजी किती, हे मी कधी विचारलेलं नाही.

त्या दिवसांत मी लिनक्सच्या नादी लागलो होतो. मासिकाबरोबर आलेली सीडी घालून मी घरच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज पुसून त्या जागी ते बसवलं. नवं सगळं फुकट होतं, व्हायरसची भीती नव्हती, आणि ऑफिसात सांगायला बरं वाटायचं. फक्त त्यावर गाणं वाजत नसे आणि सिनेमा दिसत नसे. त्यासाठी लागणारे तुकडे कायद्याच्या भानगडीमुळे सीडीत दिलेले नसत, ते आपण इकडून तिकडून गोळा करायचे. घर फुकट मिळावं आणि नळाच्या तोट्या आपण आणाव्यात, तसं.

“मग हे करतं तरी काय?” बायकोनं विचारलं.

“हे स्वतंत्र आहे,” मी म्हणालो.

“सुखी असो,” ती म्हणाली आणि रेडिओ लावला.

अशात मेहुणीसाठी एक स्थळ आलं. ती कॉलेजात शिकवायची आणि आलेली मुलं नाकारायची. कारण विचारलं की म्हणायची, “बोलतच नाहीत कुणी. पगार सांगतात आणि गप बसतात.” हा मुलगा अमेरिकेत होता. फोटोऐवजी त्यानं स्वतः बोलतानाची सीडी पाठवली होती. थोड्याच दिवसांच्या सुट्टीवर तो येणार होता. रविवारी संध्याकाळी पुण्याहून त्याच्या आईचा फोन येणार आणि मुलानं हैदराबादला यायचं की नाही ते ठरणार. मेहुणीनं बजावलं होतं की सीडी बघितल्याशिवाय ती हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही.

गौलीगुड्याच्या प्लेअरनं ती सीडी तोंडात घेतली आणि थुंकली. नेट कॅफेत जाऊ म्हटलं तर मामा म्हणाले, “पोरीचं काम हाय. चार पोट्टे मागं उभं राहून बघतील, नक्को.”

“आमच्याकडे या,” मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

ऑफिसातल्या माझ्या तेलुगू मित्रानं यावर उपाय दिला होता. एक छोटी स्क्रिप्ट. ती चालवायची, यादी समोर येते, हवं त्यावर टिक करायची, की गाणी, सिनेमे, फॉन्ट, स्क्रीनचं कार्ड चालवणारे ड्रायव्हर, सगळं तीच उतरवून बसवते. शनिवारी दुपारी मी ती चालवली. यादी पाहून माझं लग्नाच्या पंगतीत होतं तसं झालं. पानात काही वाढायचं राहू नये. मी सगळ्यावर टिक मारली. एकाच कॉम्प्युटरला दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांचे ड्रायव्हर मागणारा माणूस स्क्रिप्टनंही पहिल्यांदाच पाहिला असावा. मध्ये तिनं विचारलं, तुमच्या देशात हे कायदेशीर आहे ना? भारत सरकारच्या वतीनं मी हो म्हणालो. शेवटी ‘झालं’ असं आलं. मी समाधानानं कॉम्प्युटर बंद केला. पुन्हा चालू करून बघायचं मनातसुद्धा आलं नाही.

रविवारी सासरची मंडळी आली. मामा खुर्चीत, मामी पलंगावर, मेहुणी दाराशी, म्हणजे लागलीच निघून जाता येईल अशी. मी बटण दाबलं. थोडा वेळ काही अक्षरं धावली आणि स्क्रीन काळी झाली. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

“सिग्नल लागला नाही अजून,” मामा म्हणाले.

मी मित्राला फोन लावला.

“सब पे टिक मारा क्या रे?” त्यानं पहिलाच प्रश्न केला.

“हौ,” मी म्हणालो. सासरच्यांच्या संगतीनं मला एवढं हैदराबादी येत होतं.

तिकडे तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, दोन ड्रायव्हर एकमेकांशी भांडले, खिडक्या, बाण, माऊस सगळं गेलं आज. पण सिनेमा चालवणारं बसलंय, आणि त्याला सांगितलं तर ते चित्र नुसत्या अक्षरांनी काढतं. एकेक अक्षर त्यानं सांगितलं, मी टाइप केलं. मामी म्हणाल्या, “जावईबापू, ऱ्हाऊ द्या ना, कशाला परेशान होता.” त्यांचा आवाज मायेचा होता, त्यामुळे जास्तच लागलं.

आणि मग तो आला. काळ्या पडद्यावर हजारो अक्षरं एकदम हलली आणि त्यातून एक डोकं तयार झालं. आवाज मात्र स्वच्छ. “नमस्कार. मी...”

मामा पुढे वाकले, मागे सरले, चष्मा काढला.

“हल्लू डोळे बारीक करून बघा,” मामी म्हणाल्या, “नाक दिसतंय.”

“केस हायत का?” मामांनी विचारलं.

“डॉलर हायत तिथं,” बायको म्हणाली.

मुलगा पाठ केल्यासारखं बोलत होता. शिक्षण, नोकरी, छंद. पगाराकडे गाडी वळतेय असं वाटलं तेवढ्यात मागे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. “एक मिनिट हं,” तो म्हणाला आणि पडद्यावरून उठून गेला. अक्षरं निवांत झाली, मागची भिंत असावी. आतून भांडं आपटल्याचा आवाज, मग त्याचंच पुटपुटणं, “मेलं, वरण गेलं सगळं गॅसवर.” परत येऊन बसला. “माफ करा. हे मी पुसून नीट पुन्हा करणार होतो, पण आता...” आणि तो हसला. चेहऱ्याच्या खालच्या भागातली अक्षरं एकदम बदलली, सगळ्या ओळी विस्कटल्या.

मेहुणी दारापासून आत आली होती. केव्हा, ते कळलं नाही.

“दाजी, ते परत लावा.”

“कुठलं? छंद?”

“वरण.”

मला मागे कसं जायचं ते माहीत नव्हतं. अंदाजानं एक बाणाची कळ दाबली, नेमकी तीच निघाली. तिनं ते पुन्हा ऐकलं, मग आणखी एकदा. मामा माझ्याकडे बघत होते, मी कळफलकाकडे. ती आईला म्हणाली, “फोन आला की सांग, येऊ दे म्हणावं.”

“अगं पण दिसला कुठं नीट?”

“येईल ना इथं. तवा दिसंल.”

पुढच्या आठवड्यात मित्रानं येऊन माझे जास्तीचे ड्रायव्हर काढले आणि सीडी रंगीत चालू लागली. मी गौलीगुड्याला फोन करून सांगितलं. मेहुणी म्हणाली, नको.

तो आला त्या दिवशी आम्हीही तिथे होतो. दारात चपला काढून तो आत आला, ओठांवर चांगली जाड मिशी. अक्षरांत ती आम्हाला सावली वाटली होती. मेहुणीनं पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, “किती शिट्ट्यांना बंद करता?”

तो गोंधळला, मग त्याला कळलं, आणि तो तसाच हसला, सगळ्या ओळी विस्कटून. “डाळ भिजवलेली असली तर तीन,” तो म्हणाला, “पण मी भिजवायला विसरतो.”

मामा माझ्या कानाशी वाकले. “जावईबापू,” ते हळूच म्हणाले, “रंगीत निघाला की पोट्टा.”