कोळ्याची कात

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण मी एकदा मेलो होतो! मारुतीच्या देवळात, भर दुपारी, सगळ्या गावादेखत. घ्या चहा, सांगतो.

निजामाच्या अंमलातली गोष्ट. सेलूजवळच्या खेड्यात मी सुतारकी करायचो. देवळाच्या दारासाठी मलबारच्या रानातला ओंडका रेल्वेनं आला आणि त्याच्या ढोलीत बसून आला एक पाहुणा. कोळी! केवढा? हा माझा पंजा बघा, बोटं पसरून, आणि त्यावर केस आहेत असं समजा. दिवस मावळला की ढोलीच्या तोंडाशी येऊन बसायचा, पाल दिसली की झडप! माझी गया, आईविना वाढलेली एकुलती एक पोर, त्याला रोज निरखायची. पुढं त्यानं ढोलीच्या तोंडावर जाळं विणून घेतलं आणि बाहेर यायचंच बंद केलं.

"बाबा, त्येला डिवचू नका. आत कायतरी करायलाय त्यो."

पोरीचं ऐकेन तर मी कसला! एका दुपारी जाळं फाडलं, तर गडी पाय पसरून निपचित. मेला म्हणून ओढायला गेलो आणि कचकन बोटात दात रुतले! मी हात झटकतोय, कोळी बोटाला लोंबकळतोय आणि मी बोंबलतोय.

जिंतूरचे दाजीबा तेव्हा गाडीचं चाक घेऊन आले होते. दोन बायका गेलेला माणूस, आता गयेला मागणी घालत होता. मी दर खेपेला नकार द्यायचो. त्यांनीच मला उचलून देवळात नेलं. पुजाऱ्यानं तोंडात कडुलिंबाचा पाला कोंबला. पाला गोड लागला की विष भिनलं, हे काय तुम्हाला सांगायला हवं?

"कसा लागायलाय?"

"गोड हो, गोड!" मी रडायलाच लागलो.

गोड लागणारच! जेवून उठताना तोंडात टाकलेला गुळाचा खडा अजून गालात होता. पण मरताना गूळ कुणाला आठवतो? मला आठवली गया. माझ्यामागं तिचं कोण? जीव नुसता तुटत होता. मी दाजीबांचा हात धरला.

"मारुतीसमोर सांगतो दाजीबा, गया तुमच्या पदरात घातली."

"समद्यांनी ऐकलं नव्हं?" दाजीबांनी मागं वळून विचारलं.

तेवढ्यात गया धावत आली. हातात सूप, सुपात तो कोळी.

"बाबा, ह्यात जीवच न्हाई! कात हाय नुसती, दातासकट टाकलेली! त्यो ढोलीत बसलाय, नवाकोरा!"

मी टुणकन उठून बसलो. देऊळभर हशा पिकला. दाजीबा तेवढे हसले नाहीत.

मारुतीपुढचा शब्द फिरवायची छाती मला झाली नाही. मरायला घाबरलो, जगल्यावर लोकांना घाबरलो. तुळशीचं लग्न झालं आणि गयेवर अक्षता पडल्या.

सासरच्या गाडीत चढताना ती रडली नाही. मागं वळून एवढंच म्हणाली, "बाबा, कोळी जिता हाय, तुमीबी जिते हाव. मग मेलं कोन?"