अव्वाचा डावा तळहात

त्या दिवसांत माझा देवावर राग होता, आणि तो लपवून हा अनुभव सांगण्यात अर्थ नाही. जन्मभर शिवाचं नाव घेतलेल्या माझ्या अव्वाला, माझ्या आईला, त्याने असं म्हातारपण का द्यावं? दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, हा सौम्य विसर आहे, वाढेलच असं नाही. तो वाढला. आधी गॅसवरचं दूध उतू गेलं, मग घराची गल्ली सापडेना, मग मराठी गेली आणि माहेरची कानडी तेवढी उरली. मी तिच्यासाठी कोणीतरी बाई झाले. सोलापुरात तिच्याजवळ मी एकटीच. शाळेतले वर्ग घ्यायचे आणि घरी येऊन तिला आवरायचं, यात माझी जीभ फार तिखट झाली होती.

आजार कुठवर आलाय ते पाहायला एका सोमवारी मेंदूचा स्कॅन केला. त्या यंत्राजवळ अंगावर धातू चालत नाही. आम्ही लिंगायत. अव्वाच्या गळ्यात चांदीच्या करडगीत, छोट्या डबीत, इष्टलिंग असतं, आणि ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. करडगी काढताना तिने माझं मनगट घट्ट धरलं. मी ते सोडवलं, करडगी पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूचे भाग जागच्या जागी असतात, पण त्यांची एकमेकांकडची ये-जा तुटत जाते. सुरुवातीला मेंदू आडवाटा काढून काम भागवतो, म्हणून घरच्यांना वाटतं, नुसता विसराळूपणा आहे. मग आडवाटाही बंद होतात. जुन्या, रोजच्या सवयीच्या वाटा बहुधा शेवटी जातात. मी विचारलं, "म्हणजे मी नवी वाट?"

दुसऱ्या दिवसापासून अव्वाने अन्न सोडलं. पाण्याच्या चार घोटांवर होती. चमचा पुढे केला की मान वळवायची, "ब्याड, ब्याड." नको, नको. मी लाडीगोडी केली, रागावले, बुधवारी तर गाल दाबून तिच्या तोंडात आंबील घातली. तिने ती तशीच बाहेर काढली. हे लिहिताना लाज वाटते. गुरुवारी ती उभी राहीना, तेव्हा दवाखान्यात भरती केलं. उजव्या हाताला सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात भुकेची जाणीवही जाते. उद्यापर्यंत नाही खाल्लं तर नाकातून नळी घालू. हात बांधल्याशिवाय ती नळी ठेवू देणार नाही, हे मला दिसत होतं. मी मनात म्हणाले, हिला तरी ने, नाहीतर मला तरी. ती काही प्रार्थना नव्हती.

दुपारभर अव्वा डावा हात पुन्हा पुन्हा छातीसमोर धरत होती, तळवा वर. मला वाटलं, मागतेय. मी त्यावर बिस्किट ठेवलं. तिने ते पाडलं. दुसरं ठेवलं, तेही पाडलं. शेजारच्या खाटेवर एक मुसलमान आजी शेवटच्या घटका मोजत होत्या. त्यांची सून, एमआयडीसीत टॉवेल शिवायला जाणारी बाई, उशाशी बसून होती. ती मघापासून आमच्याकडे बघत होती.

"बाई, अम्मा खाने कू नै मांगरे," ती हळूच म्हणाली. "हमारे कारखान्यावाले की मां सुबो ऐसाइच हात पकडको बैठते थे. उस पे देव रखते थे उनो."

मी पर्स ओढली. करडगी सोमवारपासून माझ्या पर्समध्येच होती. पूजेआधी अव्वा तोंडात अन्न घालत नसे. ती तिचं तिचं करते, म्हणून मी वर्षानुवर्षं तिकडे बघितलंही नव्हतं. माझं स्वतःचं इष्टलिंग नोकरी लागल्यापासून देव्हाऱ्यात पडून होतं. विसरण्याचा आजार तिला, आणि विसरले मी.

लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. बाटलीतलं पाणी चमच्याने घातलं. विभूती नव्हती, तर मी तिचीच तीन बोटं धरून कपाळावरून ओढली. तिचे ओठ हलत होते. बराच वेळ ती लिंगाकडे एकटक बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. नजरेत ओळख अजिबात नव्हती. पण तिने तोंड उघडलं, आणि वाटीभर आंबील खाल्ली. मी त्या बाईकडे वळले, तर ती सासूच्या तोंडात पाणी घालत होती. त्या आजी संध्याकाळी गेल्या. त्या रडारडीत मी तिचं नावही विचारलं नाही. स्वतःच्या घरावर मरण येऊन बसलेलं असताना तिला आमच्या अव्वाचा हात दिसला. कोणी म्हणेल योगायोग. मी वाद घालत नाही.

पुढे सात महिने आम्ही दोघी रोज सकाळी पूजेला बसलो. अव्वा बरी व्हावी, हे मागणं मी सोडलं नव्हतं, उगाच खोटं कशाला बोलू. मग गेल्या महिन्यात एके सकाळी मी करडगी उघडायच्या आतच तिने ताटातला भाकरीचा तुकडा उचलला आणि चावू लागली. लिंग तळहातावर ठेवलं, तर खडा झटकावा तसं झटकून दिलं. तिने खावं म्हणून मी दवाखान्यात तडफडले होते, आणि ती खातेय म्हणून त्या सकाळी ओक्साबोक्शी रडले.

रडून झाल्यावर मात्र मी काही मागितलं नाही. ते सात महिनेही मी मागितले नव्हते, तरी मिळाले, त्यासाठी हात जोडले. लिंग उचललं, करडगीत घालून तिच्या गळ्यात बांधलं आणि वरून पदर सारखा केला. ती चावतच होती. सारा जन्म अव्वाने त्याला धरून ठेवलं. आता तिच्याच्याने होत नाही. यापुढे धरायचं काम त्याचं.